दार घेऊन निघालेली माणसं

संभाजीनगरला जाऊन वेरूळ पाहिलं नाही, अजिंठा पाहिला नाही, मकबऱ्यासमोर उभं राहून फोटोसुद्धा काढला नाही, अशी कोल्हापुरातली मी पहिलीच बाई असेन. परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "मग पाहिलंत तरी काय?" म्हटलं, "एक दार पाहिलं." त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर पुढं आठवडाभर गल्लीत फिरत होती. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

मी शाळेत भूगोल शिकवते. आयुष्यात घर एकदाच बदललं, लग्नात, आणि तेही दोन गल्ल्या पलीकडं. वरात चालत गेली. चपला माहेरीच राहिल्या म्हणून संध्याकाळी मी स्वतः जाऊन घेऊन आले. अशा जगप्रवासी बाईनं भटक्या टोळीची गोष्ट लिहावी, यात कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. 'सांजवे' नावाची आमची चित्रकथा मोबाईलवरच्या एका ॲपवर येते. सांजवे म्हणजे मावळत्या सूर्यामागं चालत राहणारी माणसं. हत्तीएवढ्या शेळ्या त्यांचं सामान वाहतात. गोष्ट माझी आणि चित्रं सुमैयाची. ही सुमैया संभाजीनगरच्या पडेगावात राहते, दिवसा लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करते, आणि उरलेल्या वेळात शेळ्यांना हत्तीएवढं करते. शाळा बंद होत्या त्या काळात आमची फोनवर ओळख झाली. समोरासमोर आम्ही कधी भेटलोच नव्हतो.

चित्रकथा गाजली ती दारांमुळं. माझ्या लिखाणात नुसते तंबू होते. सुमैयानं पहिल्याच पानावर प्रत्येक तंबूला भक्कम लाकडी दार लावलं, खालच्या अंगाला वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या जोडलेलं. टोळी निघाली की दार उतरवायचं, शेळीच्या पाठीवर बांधायचं, नव्या मुक्कामी पुन्हा लावायचं. वाचक खुळे झाले. मला भाषणांना बोलावणी यायला लागली, आणि मी काय, एकदा माइक हातात आला की थांबते होय! "दार म्हणजे आपण आणि जग यांच्यातली सीमा. त्यावरची एकेक पट्टी म्हणजे एकेका पिढीची स्मृती," असं मी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. दारं तुला कुठून सुचली, हे सुमैयाला विचारायचं मात्र राहिलं.

मग शेवटचं प्रकरण आलं. मी लिहिलं : टोळीला पाण्याची, गवताची दरी सापडते. चालणं संपलं. आता दारं वाहायची नाहीत, म्हणून सगळे आपापली दारं एका जागी रचतात, पेटवतात आणि भोवती नाचतात. लिहिता लिहिता माझे मलाच डोळे पुसावे लागले. सुमैयाला पाठवलं आणि पोरगी एकदम गप्प झाली. पान येईना. फोन केला की "बघते ताई" एवढंच. ॲपवाल्यांनी कळवलं, महिनाअखेरीस शेवट आला नाही तर मालिका काढून टाकू. आमची एवढ्या वर्षांची मेहनत अर्धवटच पुसली जाणार होती. दिवाळीची सुट्टी होतीच. म्हटलं, आता तिच्या दारात जाऊन बसल्याशिवाय काही खरं नाही.

पडेगाव

गाडीच्या पाटीवर शहराचं एक नाव, कंडक्टरच्या तोंडी दुसरं. मी तिकीट एकच काढलं. उतरल्यावर रिक्षा केली, तर समोर रस्त्याच्या मधोमध हा भला मोठा दगडी दरवाजा. आमच्याकडं रस्त्यात मधोमध म्हैस उभी राहते, तीही हॉर्न वाजवला की मनात आलं तर हलते. इथं दरवाजे उभे आहेत. तटाच्या भिंती बहुतेक ठिकाणी गेल्या, दरवाजे राहिले, आणि माणसं रोज भाजी घेऊन त्यांच्या खालून जातात. मी मान वर करून बघत राहिले, तर रिक्षावाला म्हणाला, "क्या मॅडम, पहिल्यांदा आले काय?" त्याला माझ्या गळ्यातली पिशवी बघूनच कळलं असणार.

पडेगाव दौलताबादच्या रस्त्यावर. मोकळी रानं, त्यात मधेच नवी घरं, आणि लांबवर किल्ल्याचा डोंगर. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. मी पिशवी सावरत तिथवर गेले आणि जागीच थबकले. त्या पत्र्याच्या खोल्यांना सागवानी दार होतं. पितळी कडी, कडेला वेलबुट्टी, आणि खाली तीन-चार रंगांच्या लाकडी पट्ट्या. पहिल्या पानावरचं दार, जसंच्या तसं.

"या ताई," आतून आवाज आला. "जरा जोरानं ढकला. खालून घासतंय."

सुमैया फोनवर वाटायची त्यापेक्षा बुटकी आणि जास्त हसरी निघाली. मी नमस्कार-चमत्कार सोडून पहिला प्रश्न विचारला तो दाराचा.

"हे? अब्बूंचं. लग्नातलं आहे."

तिचे अब्बू, रफीकमिस्त्री, सुतारकाम करतात. पाटावर बसून ते मला सांगू लागले, "सासऱ्यांनी लग्नात सागाचं लाकूड दिलं. म्हणले, पलंग करा, कपाट करा, तुमची मर्जी. मी दार केलं."

"तेव्हा घर होतं?"

"घर कुठलं, ताई! भाड्याच्या खोल्या. पण दार तरी आपलं असावं ना."

स्वयंपाकघरातून सुमैयाच्या अम्मी ओरडल्या, "हौ! घर नहीं, पलंग नहीं, दरवाजा था! बरसों जमीनपे सोये हम लोगां!"

तेव्हापासून हे कुटुंब जिथं भाड्यानं राहायला गेलं तिथं घरमालकाचं दार काढून ठेवलं आणि हे लावलं. चितेगावला कंपनीत काम होतं तेव्हा तिकडं, मग शहरात दोन-तीन गल्ल्यांत, मग इथं. एखादं घर उंच निघालं तर खाली पट्टी जोडायची, ठेंगणं निघालं तर पट्टी काढायची. "ही बाभळीची, चितेगावची," मिस्त्री बोट ठेवून दाखवत होते. "ही लिंबाची. आणि ही प्लायवूडची, तेव्हा हात जरा तंग होता."

पिढ्यांची स्मृती म्हणे! माझे कान तापले. सुमैया चहा ओतत अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाली, "तुमचं भाषण आम्ही सगळ्यांनी बसून बघितलं, ताई. अम्मीला लई आवडलं. समजलं काय नाही, पण लई आवडलं."

पडेगावच, दुसऱ्या दिवशी

सकाळीच मिस्त्रींनी शहरातून नान आणि मटणाचा खलिया आणला. कोल्हापूरची बाई मी, रश्श्याला घाबरणं आमच्या रक्तात नाही. खलियाचा रंग बघून मी मनात म्हटलं, हे तर बाळबोध दिसतंय. चौथ्या घासाला नाकातून पाणी. अम्मींनी न बोलता दह्याची वाटी पुढं सरकवली. आमच्याकडं पाहुण्याला "खा की, लाजता काय" असं ओरडून वाढतात, इथं कुणी ओरडत नाही, फक्त ताट रिकामं होऊ देत नाहीत. मरण दोन्हीकडं सारखंच.

जेवताना कळलं की मी मोठ्या मुहूर्तावर आले होते. मिस्त्रींनी हर्सूलला स्वतःचा फ्लॅट घेतला होता आणि दुसऱ्याच दिवशी तिकडं बिऱ्हाड हलणार होतं. मी अभिनंदन केलं. मिस्त्री हसले, पण त्यांचं लक्ष दाराकडं होतं.

दुपारी मी सुमैयाला घेऊन अंगणात बसले. तिथं घरमालकीण जाधवकाकूंची शेळी बांधली होती, तिला मी लगेच ओळखलं. आमच्या टोळीतल्या सगळ्या हत्तीएवढ्या शेळ्यांचं तोंड हिचंच होतं.

"आता सांग," मी म्हटलं. "शेवटचं प्रकरण का अडलंय?"

"माझ्याच्यानं नाही होणार, ताई. दुसरं कुणी बघा."

"अगं, पण का?"

"तुम्ही दारं जाळायला सांगितली."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तरी मास्तरणीची सवय जाते होय! मी म्हटलं, "सुमैया, ते प्रतीक आहे गं."

"हौ, मालूम आहे. पण काढायला मला लागतं ना. पेटताना कसं दिसेल ते आधी डोळ्यांपुढं आणायला लागतं. आधी प्लायवूड पेट घेणार. मग लिंबाची पट्टी, मग बाभळीची. अम्मी लग्नात जे लाकूड घेऊन आल्या ते शेवटी." ती शेळीच्या कानाशी खेळत राहिली. "दोनदा काढायला बसले. दोन्ही वेळा उठून दाराला हात लावून आले."

"बरं, नको जाळायला. नुसती ठेवून देऊ कुठंतरी."

"कुठं?" ती एकदम माझ्याकडं वळली. "घर मिळाल्यावर दाराचं काय करायचं, तेच तर सुचत नाही. मला नाही, अब्बूंना पण नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा, मी आजच काढते."

मला सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्याही नाही सुचलं.

हर्सूल

बिऱ्हाड हलवणं ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिली. आमच्याकडं माळ्यावरचा हंडा खाली काढायचा तर आठवडाभर चर्चा चालते. इथं सकाळच्या दोन तासांत अख्खा संसार टेम्पोत. माझ्या कथेतली टोळी एक मुक्काम हलवायला तीन पानं घेते, त्याची मला लाज वाटली. अम्मींनी कुराणशरीफ छातीशी धरलं, सुमैयानं संगणक पोटाशी, आणि सगळ्यात शेवटी मिस्त्री दार उतरवायला लागले. तेवढ्यात जाधवकाकू आल्या.

"मिस्त्री, दार काढता म्हंजी? घर उघडं टाकून जाता व्हय?"

"काकू, दार आमचं हाय."

"दार तुमचं हाय, मला काय ठावं नाय? पण भोक माझं हाय ना! कापूस भरायचाय मला त्यात."

"तुमचं पत्र्याचं दार होतं की."

"ते तुम्हीच लावलं गोठ्याला! पार वाकलंय. शेळीबी जुमानत नाय आता त्याला."

दोघांचंही खरं होतं. एवढ्या वर्षांत दोघांनाही हा दिवस येईल असं वाटलं नव्हतं. शेवटी काकूंनीच हात झटकले. "न्या बाबा. लग्नातलं हाय तुमचं. मी बांधते साडी भोकाला." त्यांनी अम्मी आणि सुमैयावरून भाकरतुकडा ओवाळला, आणि जाता जाता दारावरूनही ओवाळून टाकला.

पुढं अम्मी आणि सुमैया बसल्या. मागं सामानात मिस्त्री, मी आणि आडवं दार. टेम्पोवाला बबन म्हणाला, "मॅडम, दार घट्ट धरा. लई धक्के हायेत." खड्डा आला, मी दार धरलं आणि माझी एक चप्पल रस्त्यावर गेली. या वेळी जाऊन आणायला माहेर जवळ नव्हतं.

दिल्ली दरवाज्यापाशी गर्दीत टेम्पो अडकला. मिस्त्री वर बघत होते.

"ह्याचं बरंय, ताई," ते म्हणाले. "भिंती गेल्या, पण हा जागेवर आहे. आमच्या दाराला जागाच नाही घावली."

"आता घावली की," मी म्हटलं. ते आडव्या दारावरची धूळ पुसत राहिले.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या जागी खड्डा आणि "लवकरच" अशी पाटी. मिस्त्री, बबन आणि दोन शेजारी यांनी दार वर चढवलं. मी मागून एका चपलेनिशी "सावकाश, सावकाश" एवढं काम केलं. अम्मींनी आधी कुराणशरीफ आत नेलं, मग बाकीचं. फ्लॅटला बिल्डरनं दिलेलं गुळगुळीत तपकिरी दार होतंच. सोसायटीचे सेक्रेटरी आले, त्यांनी सांगितलं, "मिस्त्री, सगळ्या दारांचा रंग एकच पाहिजे. नियम आहे." मिस्त्रींनी मान हलवली आणि आपलं दार चौकटीला लावून धरलं. ते चौकटीपेक्षा तळहातभर जास्त रुंद होतं. दोन्ही बाजूंना काँक्रीट.

"कमी पडलं तर जोडता येतं, ताई," मिस्त्री म्हणाले. "जास्त झालं की कापावं लागतं. कापलं नाही कधी मी हे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री, माप घेतलं नव्हतं का?"

"घेतलं होतं ना. दोनदा."

"मग?"

"मग काय. आणलं."

आत ओटा पुसत असलेल्या अम्मी म्हणाल्या, "इनकू मालूम था. मेरेकू भी मालूम था." सुमैया जिन्यात जाऊन बसली.

सेक्रेटरी माणूस चांगला, वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, "त्याचा टीपॉय करा झकास. आजकाल फॅशन आहे." मिस्त्रींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पाण्याच्या टाकीचं निमित्त काढून खाली गेले. टीपॉय मलाही सुचला होता. मी बोलले नाही हे नशीब.

हक्काचं घर मिळालं, पेढे आले, आणि घरातले तिघंही भिंतीला टेकवलेल्या त्या दाराकडं बघायचं टाळत होते. मला इतकं वाईट वाटलं की माझं ते शेकोटीचं पान आठवून अंगावर काटा आला. मग मिस्त्री उठले.

"बबन, टेम्पो वळव. तिकडं काकूंचं घर उघडं पडलंय."

पुन्हा पडेगाव

बबननं पूर्ण रस्ताभर कपाळाला हात मारला. "येडं व्हायची पाळी आली! दार नेलं, दार आनलं!" सुमैया या वेळी मागं माझ्याशेजारी बसली होती, दारावर हात ठेवून. आमच्या दोघींच्या मनात एकच प्रश्न होता, पण आता तो चित्रकथेपुरता राहिला नव्हता.

काकूंच्या साडीचा पडदा एका बाजूनं फाटलेला होता आणि शेळी आत कापसाच्या ढिगावर बसली होती. काकू तिला ओढत होत्या आणि ती त्यांना. टेम्पोतलं दार बघितल्यावर काकूंनी शेळी सोडली.

"आणलं व्हय परत?"

"राहू द्या तुमच्याकडं," मिस्त्री म्हणाले. "कापूस भरायचाय ना."

"मिस्त्री, पैशे देणार नाय मी."

"मागितले का?"

काकूंचा चेहरा बदलला. "संभाळीन," त्या एवढंच म्हणाल्या आणि शेळीला हुसकायला पुन्हा आत वळल्या.

दार बसवायला मिस्त्रींना फार वेळ लागला नाही, जुन्याच जागा होत्या. उघडून पाहिलं, ढकलून पाहिलं. खालून घासत होतं ते तसंच घासू दिलं. हत्यारं पिशवीत गेली. बबननं टेम्पो सुरू केला. आणि मिस्त्री कडी हातात धरून नुसतेच उभे राहिले. कडी सोडली. पुन्हा धरली.

आधी मला कळेना की हा माणूस थांबलाय कशाला. मग लक्षात आलं. यांनी आजवर इतकी घरं सोडली, पण एकाही घराचं दार निघताना लावलं नव्हतं. लावणार काय? दार टेम्पोत असायचं. आपल्यामागं दार ओढून घेऊन निघायचं असतं, हे मी रोज सकाळी शाळेला जाताना करते, डोक्यात भाजीचा विचार चालू असताना करते. घर कायमचं सोडताना मिस्त्रींना ते पहिल्यांदा करायचं होतं.

"अब्बू, मी लावू?" सुमैया पुढं झाली.

"नको. थांब."

त्यांनी दार ओढलं. ते घासत घासत मिटलं. त्यांनी कडी लावली, तळवा दारावर ठेवला आणि डोळे मिटले. मी रडत होते, खोटं कशाला सांगू. बबननंसुद्धा इंजिन बंद केलं.

आणि आतून आवाज आला, "ओ मिस्त्री! मी आतच हाय की!"

पाठोपाठ शेळी ओरडली. सुमैया जी हसत सुटली, ती हसता हसता खालीच बसली आणि मग तिला रडू आलं, तेही हसतच. मिस्त्रींनी कडी काढली. काकू शेळीसकट बाहेर आल्या, तोंडानं शिव्या आणि केसांत कापूस. मग मिस्त्रींनी दार पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा त्यांना सोपं गेलं. लावून झाल्यावर ते वळले आणि मागं न बघता टेम्पोत बसले.

परतीच्या वाटेवर सुमैया पिशवीतून कागद शोधत होती. एकही मिळेना, तेव्हा तिनं माझ्या गाडीच्या तिकिटामागं काढायला सुरुवात केली.

कोल्हापूर

महिनाअखेरीच्या आत शेवटचं प्रकरण गेलं. त्यात आग नाही. दरीत दगडी घरं तयार असतात, त्यांना सांजव्यांची दारं बसत नाहीत. म्हणून ती माणसं वाटेवरच्या गावांत परत जातात आणि ज्यांची घरं उघडी आहेत त्यांना एकेक दार लावून देतात. शेवटच्या चित्रात टोळीचा म्हातारा नाईक दार बाहेरून ओढून घेतोय, आयुष्यात पहिल्यांदाच. माझ्या लिखाणातलं एक अक्षरही तिथं नाही, आणि माझ्या आजवरच्या सगळ्या लिखाणापेक्षा ते बरं आहे. ॲपवाले म्हणाले, आगीचं दृश्य असतं तर बरं झालं असतं. सुमैयानं कळवलं, "आग नाही मिळणार." त्यांनी मुकाट्यानं घेतलं.

मिस्त्री अजून बऱ्याच शुक्रवारी पडेगावला जातात, कडीला तेल द्यायला. काकू चहा देतात आणि दार घासतं म्हणून तक्रार करतात.

परवा मला पुन्हा एका भाषणाला बोलावलं होतं. शेवटी एक तरुण उठला, दाढीबिढीवाला, अभ्यासू. म्हणाला, "शेवटच्या चित्रात बंद दाराच्या आतून एक आवाज येतो. 'मी आतच हाय.' तो भूतकाळाचा आवाज म्हणायचा, की मातीचा?"

सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं. माइक हातात होता. बोलण्यासारखं पुष्कळ सुचत होतं.

"जाधवकाकूंचा," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या नाहीत.